बुऱ्हाणपूरची छत्री आणि मिर्झाराजे जयसिंग

भटका_गडी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात कामानिमित्त बुऱ्हाणपूरला जाणं झालं. काम दुपारीच उरकलं आणि परतीची गाडी रात्रीची. मावा जिलबी खाऊन झाली, शाही किल्ला बघून झाला, तरी चार तास उरले. रिक्षावाल्याला म्हटलं, राजाच्या छत्रीकडे ने. तो म्हणाला, "वो जयपूरवाले राजा?" मी हो म्हटलं आणि बसलो. खरं तर हा राजा मेला तेव्हा जयपूर नावाचं शहरच नव्हतं.

शहराबाहेर मोहना नदीच्या काठी, शेतांच्या मधोमध ती छत्री उभी आहे. मी गेलो तेव्हा माणूस नव्हता, चार शेळ्या सावलीत बसल्या होत्या. पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा जयसिंग १६६७ च्या पावसाळ्यात इथे गेला. दख्खनच्या सुभेदारीवरून काढलेला, छप्पन वर्षांचा, आणि उत्तरेकडे परत निघालेला. तिथे बसल्याबसल्या जाणवलं, की हा माणूस ४६ वर्षं गादीवर होता आणि आपण त्यातले साडेतीन महिने वाचतो. ३ मार्च १६६५ ला पुण्यात आला, जूनच्या मध्याला तह झाला, संपलं. म्हणून हा धागा. लांबण लागेल, आधीच सांगतो.

जन्म १६११ चा. आंबेरचे कछवाहे, म्हणजे अकबराच्या मानसिंगाचं घराणं. हा मानसिंगाचा खापरपणतू... चुकलो, पणतू. मानसिंग, जगतसिंग, महासिंग, जयसिंग. बाप महासिंग वऱ्हाडात बाळापूरला दारूपायी गेला. मानसिंगानंतरचा आंबेरचा राजा भावसिंग, तोही बाळापूरला, तोही दारूपायी. वयाच्या दहाव्या वर्षी पोर गादीवर बसलं. म्हणजे दख्खनेने या घराचे दोन कर्ते पुरुष आधीच गिळले होते. तिसरा पुढे बुऱ्हाणपूरला.

जहांगीर, शाहजहान, औरंगजेब असे तीन बादशहा त्याने पाहिले. बल्खची मोहीम, कंदाहारचे फसलेले वेढे, सगळीकडे हजेरी. 'मिर्झाराजा' ही पदवी शाहजहानची. तुर्की आणि फारसी त्याला यायची, दरबारी रीतभात मुरलेली. पण माझ्या मते त्याचं खरं भांडवल तलवार नव्हतंच, ते होतं त्याचा शब्द. लोकांना पलीकडून अलीकडे आणावं तर ह्यानेच.

उदाहरण बघा. फेब्रुवारी १६५८ मध्ये, शाहजहानच्या मुलांत गादीसाठी जुंपली तेव्हा, थोरल्या दाराचा मुलगा सुलेमान शुकोह याच्या बाजूने लढून बहादूरपूरला त्याने दाराचा भाऊ शुजा याला पळवलं. मे अखेरीस सामूगढला दारा हरला. बातमी पोचली तशी मिर्झाराजाने त्याच सुलेमानला वाऱ्यावर सोडलं आणि औरंगजेबाची पायरी गाठली. पुढच्या वर्षी जोधपूरचा जसवंतसिंग दाराला मिळणार होता, त्याला ह्यानेच पत्रं लिहून फोडलं. दारा अजमेरला एकटा पडला. सुलेमान गढवालच्या राजाच्या आश्रयाला गेला होता. १६६० च्या डिसेंबरात तिथल्या राजाच्या मुलाने त्याला स्वाधीन केलं आणि त्याला खाली घेऊन आला मिर्झाराजाचा मुलगा रामसिंग. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पोस्ताचं (अफूच्या बोंडांचं) पाणी पाजून त्या पोराचा शेवट झाला. हा रामसिंग लक्षात ठेवा.

आता पुरंदर. शाइस्तेखानाची बोटं गेली, सुरत लुटली गेली, मग ३० सप्टेंबर १६६४ ला, बादशहाच्या वाढदिवशी, मिर्झाराजाची नेमणूक झाली. त्याने आधी पूर्ण अखत्यार मागून घेतला, लष्करी आणि मुलकी दोन्ही. मग पत्रांचा पाऊस. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे फिरंगी, जव्हार-रामनगरचे कोळी राजे, जावळीच्या मोऱ्यांचे उरलेसुरले, अफजलखानाचा मुलगा. महाराजांशी ज्याचं ज्याचं वाकडं, त्याला पत्र. पहिला तोफगोळा उडायच्या आधी अर्धा वेढा कागदावर पडला होता.

खरा वेढा मार्चअखेर. आधी पुरंदरला खेटून असलेला वज्रगड. तिथे तोफा चढवणं म्हणजे काय असेल, हे वज्रगडाचा चढ चढलेल्यालाच कळेल. अब्दुल्लाखान नावाची तोफ वर न्यायला तीन दिवस लागले, फत्तेलष्कर नावाचीला साडेतीन. १४ एप्रिलला वज्रगड पडला. आणि इथे मिर्झाराजाने काय केलं? शरण आलेल्यांची हत्यारं घेतली आणि त्यांना सुखरूप घरी जाऊ दिलं. पुरंदरावरच्यांनी बघावं म्हणून. सोबतचा मुघल सरदार दिलेरखान, त्याला हे सुचलं नसतं.

११ जूनला महाराज त्याच्या तंबूत आले ते पालखीतून, सोबत फक्त सहा ब्राह्मण. त्याआधी मिर्झाराजाने मुनशी उदयराजला पुढे पाठवून निरोप दिलेला, की सगळे किल्ले द्यायची तयारी असेल तरच या. पण मला कायम खिळवून ठेवतं ते तंबूचं तोंड. पुरंदर समोर दिसेल असाच तो होता. आणि दिलेरखानाला व आपल्या दुसऱ्या मुलाला, कीरतसिंगाला, त्याने सांगून ठेवलं होतं की मी खूण केली की हल्ला चढवा. महाराज बसलेत, मिठी मारून झालीये, मानाने शेजारी बसवलंय, आणि समोर डोंगरावर त्यांचीच माणसं कापली जाताना दिसतायत. एक शब्द वाकडा न बोलता केलेली ही वाटाघाट.

तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. दुसऱ्या दिवशी पुरंदरावरून सात हजार माणसं खाली उतरली, त्यातली चार हजार लढणारी.

आणि इथून मिर्झाराजाची उतरण लागली. विजापूरची स्वारी फसली, महाराजांचा सरनोबत नेताजी पालकर विजापूरला मिळाला, आग्र्याहून महाराज निसटले, रामसिंगाची मनसब (बादशाही हुद्दा) गेली, शेवटी स्वतःची सुभेदारी गेली. शब्द त्याने दिला, मोडला बादशहाने, किंमत मोजली ह्याच्या घराने. तुम्हाला काय वाटतं?

---

सहज_सुचलं

छान लिहिलंय! दिल्लीचं जंतरमंतर बांधणारे हेच ना? एवढा ज्योतिषाचा अभ्यास आणि स्वतःचं भविष्य कळलं नाही. 😀

---

भटका_गडी

नाही हो, तो सवाई जयसिंग. ह्याचा खापरपणतू (आता खापर बरोबर जागी बसलं). जन्म १६८८, जयपूर वसवलं १७२७ ला. ह्या थोरल्या जयसिंगाचं बांधकाम बघायचं तर आमेरच्या महालात, आरशांचं काम आहे तिकडे.

---

जुनं_खोड

लेख वाचनीय आहे, पण गडीबुवा, तुम्ही राजाच्या गोड बोलण्यावर फारच भाळलात. शब्द, शब्द काय लावलंय. एप्रिलच्या अखेरीस दाऊदखान कुरेशीला सहा-सात हजार स्वार देऊन कोणी पाठवलं? रोहिड्याच्या बाजूची पन्नासएक गावं जाळून बेचिराख केली. राजगडाच्या, सिंहगडाच्या पायथ्याची वस्ती मोडली. गुरं हाकलून नेली, माणसं धरली. हेतू स्पष्ट होता, की पावसाळा तोंडावर आहे, पेरणीला माणूस आणि बैल उरता कामा नये.

महाराज तहाला आले ते पत्रांमुळे नव्हे. पुरंदरावर मुरारबाजी पडला, गडात सरदारांची बायकामुलं अडकलेली, आणि खाली रयत जळत होती. मिर्झाराजाचं मोठेपण असेल तर ते एवढंच, की जाळपोळ आणि आर्जव एकाच वेळी कसं करायचं हे त्याला कळत होतं. शाइस्तेखान तीन वर्षं पुण्यात बसून राहिला, ह्याने तीन महिन्यांत काम संपवलं. त्याबद्दल त्याला मानतो. त्याहून जास्त नाही.

---

उगाच_एक

+१ जुनं_खोड. आमचं आजोळ भोरकडचं. ती पन्नास गावं कुठली असतील हा विचार एसटीतून जाताना आता डोक्यातून जाणार नाही.

---

भटका_गडी

खोडकाका, मान्य. दाऊदखान मी गाळायला नको होता. लेख तंबूपाशी आणून संपवायची घाई झाली.

---

शाईचा_डाग

बुऱ्हाणपूरचं नाव निघालंच आहे तर एक योगायोग. मुमताजमहल १६३१ साली बुऱ्हाणपूरलाच गेली आणि तापीपलीकडे आहूखान्यात तिला तात्पुरतं दफन केलं होतं. आग्र्याला तिच्यासाठी जी जागा पसंत पडली ती मूळ मानसिंगाची, तेव्हा जयसिंगाच्या ताब्यातली. शाहजहानने मोबदल्यात त्याला चार हवेल्या दिल्या, १६३३ चं फर्मान आहे. मकराण्याहून संगमरवर आणायला गाड्या आणि कारागीर पुरवा, असे हुकूमही जयसिंगालाच. म्हणजे बुऱ्हाणपूरला मेलेल्या राणीसाठी ज्याने जमीन दिली, तो स्वतःही बुऱ्हाणपूरलाच मेला. तिला ताज, ह्याला शेतातली छत्री.

(कृपया इथून ताजच्या वादाकडे कोणी वळू नका, त्याचे तीन धागे आधीच आहेत आणि तिन्हींना कुलूप आहे.)

---

राजगडी

गडीभाऊ, लेख आवडला. पण एक बाजू राहिली. मिर्झाराजे कट्टर देवीभक्त होते. सभासद बखरीत आहे, दख्खनेत उतरण्याआधी त्यांनी कोटिचंडी केली, चारशे ब्राह्मण अनुष्ठानाला बसवले, दोन कोटी रुपये त्यासाठी काढून ठेवले. असा माणूस मनातून महाराजांच्या विरुद्ध असेल असं मला वाटत नाही. नोकरी होती म्हणून आले. आग्र्याला महाराजांच्या केसालाही धक्का लागणार नाही, अशी हमी त्यांनी दिली आणि रामसिंगांनी ती जिवावर उदार होऊन पाळली. आणि महाराजांनी त्यांना लिहिलेलं ते फारसी पद्यातलं पत्र? ते वाचून अंगावर काटा येतो.

---

जुनं_खोड

राजगडी, दोन गोष्टी.

एक, ते पद्यपत्र. बाहेर आलं ते विसाव्या शतकात, त्याच्या अस्सलपणावर इतिहासकारांचा गंभीर आक्षेप आहे. काटा येऊ द्या, पण पुरावा म्हणून नको.

दोन, कोटिचंडी. अनुष्ठान कशासाठी बसवलं होतं, तेही बखरीतच वाचा. शिवाजीवर यश यावं म्हणून! देवीभक्त होता हे खरं, पण देवीकडे मागणं काय होतं?

आणि जमल्यास 'हफ्त अंजुमन' मधलं, म्हणजे उदयराजने जपलेल्या पत्रव्यवहारातलं, वजीर जाफरखानाला गेलेलं पत्र वाचा. महाराज आग्र्याहून सुटल्यानंतरचं आहे. त्यात मिर्झाराजा म्हणतो की शिवाजी मला भेटायला येईल असं काही तरी घडवतो, वाटेत त्याचा काटा काढता येईल. त्यासाठी माझ्या मुलाला त्याची मुलगी करण्याची बोलणी लावायचीही तयारी आहे. वर पुस्ती अशी, की त्याचं कूळ इतकं हलकं की आमच्यासारखे त्याच्या हातचं खात नाहीत. ही तुमची पित्यासमान माया.

---

राजगडी

हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

---

शाईचा_डाग

राजगडी, थोडं थांबा. पत्र खरं आहे, पण ते कोणी, कुणाला आणि कधी लिहिलंय तेही बघायला हवं. मुलाची मनसब गेलीय, त्याला दरबारात यायची बंदी आहे, महाराजांना पळून जायला त्या मुलानेच मदत केली असा संशय आहे. अशा वेळी बाप वजिराला लिहितो तेव्हा मनातलं लिहितो की समोरच्याला ऐकायचंय ते? मला वाटतं दुसरं. कुळाचा उल्लेख मात्र नुसता देखावा नसावा. आंबेरच्या राजाला तो लिहिताना कष्ट पडले असतील असं दिसत नाही.

रामसिंगाबद्दल एक: महाराजांनी सुटायच्या आधी त्याला आपला जामीन मागे घ्यायला लावला होता. राजस्थानी पत्रांतून हे दिसतं. जामीन राहिलेल्या माणसाला अडकवून पळायचं नाही, एवढा हिशोब त्यांनी ठेवला. बादशहाने तरी रामसिंगालाच धरलं, ती गोष्ट वेगळी.

---

दारूगोळा

बिनकामाच्या भावना बाजूला ठेवून विजापूरच्या स्वारीवर बोलूया का? कारण माझ्या मते हा माणूस तिथे मेला, बुऱ्हाणपूरला फक्त छत्री बांधली.

नोव्हेंबर १६६५ ला पुरंदराखालून निघाला. महाराज सोबत, नेताजी पालकर सोबत. फलटण, ताथवडा, मंगळवेढा पटापट पडले. २९ डिसेंबरला विजापूरपासून सहा कोसांवर येऊन ठेपला. आणि मग? वेढ्याच्या मोठ्या तोफाच नाहीत! त्या परांड्याला ठेवून आला होता. भिस्त सगळी फंदफितुरीवर, आतले सरदार फुटतील, वेस उघडेल. तिकडे अली आदिलशहाने विहिरीत विष टाकलं, नवरसपूर आणि शाहापूरचे तलाव फोडले, आजूबाजूची झाडं तोडली. विजापूरचा सरदार शर्जाखान मागून मुघली मुलखात घुसून रसद मारतोय. सात दिवसांत, ५ जानेवारीला माघार.

पुरंदरला जमलं ते विजापूरला जमेल हा हिशोब चुकला. पुरंदरला पत्रांमागे अब्दुल्लाखान तोफ होती. विजापूरला नुसतीच पत्रं.

आणि गडीभाऊंनी एका वाक्यात उडवलेलं सांगतो. माघार घेताना त्याने महाराजांना पन्हाळ्यावर धाडलं. १६ जानेवारीला तो हल्ला फसला, हजारएक माणूस गेलं. पाठोपाठ नेताजी चार लाख होन घेऊन विजापूरकरांना मिळाला. आता मिर्झाराजाला घाम फुटला, की शिवाजीही उद्या तिकडे गेला तर? म्हणून त्यांना उत्तरेला पाठवायची घाई. आग्राभेट हा दिलदारपणा नव्हता, फसलेल्या स्वारीची निस्तरानिस्तर होती.

---

भटका_गडी

दारूगोळा, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी आहे. परांड्याच्या तोफांचा मुद्दा माझ्या डोक्यात असा कधी बसलाच नव्हता.

नेताजीचं पुढचंही याच सूत्रातलं. मिर्झाराजाने त्याला पुन्हा ओढलं, पाच हजारी मनसब देऊन मुघलांकडे आणलं. शब्दावर आला बिचारा. सहा-सात महिन्यांत महाराज आग्र्याहून सुटले आणि बादशहाचा हुकूम आला, नेताजीला धरा. धरायचं कुणी, तर ह्यानेच. पुढे त्याचा मुहम्मद कुलीखान झाला, तो परत आला १६७६ ला.

---

घाईत_आहे

एवढं वाचायला वेळ नाही, थोडक्यात सांगा, चांगला की वाईट?

---

जुनं_खोड

आधी वाचा.

---

कवडसा

कवितेची वाट वेगळी म्हणून दबकत लिहितेय. सतसईचा कवी बिहारी ह्याच राजाच्या पदरी होता. त्याचा एक दोहा राजाला उद्देशून आहे असं परंपरेने सांगतात. ससाण्याला बोलतो तो. म्हणतो, यात तुझा ना स्वार्थ ना पुण्य, मेहनत मात्र फुकट. परक्याच्या हातावर बसून पाखरं मारू नकोस. शिकारीचा ससाणा मनगटावर बसलेला डोळ्यांसमोर आणा. झेप त्याची, पंजा त्याचा, मांस मालकाचं.

मनुची वाचताना मला हाच दोहा आठवत होता. हा इटालियन तेव्हा मिर्झाराजाच्या तोफखान्यावर होता आणि रात्री राजाबरोबर पत्ते खेळायचा. असाच डाव चालू असताना महाराज तंबूत आले आणि हा गोरा कोण म्हणून त्यांनी विचारलं, असं तो सांगतो. बाकी मनुचीच्या गप्पा चिमटीभर मिठासकट घ्याव्यात, पण वेढा चाललेला असताना पत्ते पिसणारा तो राजा मला खरा वाटतो.

---

लोहितकाठ

गुवाहाटीहून लिहितोय, नोकरीनिमित्त सहा वर्षं इथे आहे. वर 'रामसिंग लक्षात ठेवा' म्हटलंय म्हणून भर घालतो. बाप मेल्यावर रामसिंगाला आंबेरची गादी मिळाली आणि लगेच आसामच्या मोहिमेवर रवानगी झाली. इथे ती शिक्षाच समजली जाते. १६७१ ला सराईघाटच्या लढाईत, ब्रह्मपुत्रेत, आहोमांचा सेनापती लाचित बरफुकनने त्याच्या आरमाराचा धुव्वा उडवला. इथे पोरासोरांना रामसिंग माहीत आहे, पण हरलेला म्हणून. मी ऑफिसात सांगितलं की आमच्याकडे हाच रामसिंग आग्र्यात महाराजांना जामीन राहिलेला म्हणून ओळखतात, तर कुणाचा विश्वास बसेना. चहा होईपर्यंत दोन्ही गोष्टी सांगून झाल्या. सुलेमान शुकोहची मात्र मलाही नवी.

---

शाईचा_डाग

वा! सुलेमान, महाराज, लाचित. एकाच माणसाच्या आयुष्यात तिघं. रामसिंगावर वेगळा धागा काढा, लोहितकाठ. मनावर घ्या.

---

राजगडी

मी दोन दिवस विचार करून परत आलो. खोडकाकांचं पत्र पटलं, शाईताईंचं म्हणणंही पटलं. पण माझा मुद्दा थोडासा शिल्लक आहे. दिलेरखानाला पुरंदर तलवारीने घ्यायचा होता, तह झाला म्हणून तो फुरंगटून बसला. दुसऱ्या दिवशी मिर्झाराजाने महाराजांना हत्तीवरून त्याच्याकडे भेटीला पाठवलं, तेव्हा कुठे तो निवळला. त्या जागी दिलेरखानच मुख्य असता तर गडावरची सात हजार माणसं जिवंत उतरली असती का? मुघलांचा नोकर म्हणूनच बघा, पण नोकरानोकरांत फरक असतो.

---

जुनं_खोड

हे मान्य. इथे माझा वाद नाही.

---

केळीचा_घड

रावेरचा आहे मी, बुऱ्हाणपूर म्हणजे आमचा बाजार. धाग्यात आमच्या छत्रीचं नाव बघून बरं वाटलं. मृत्यूबद्दल तिकडे अजूनही कुजबुज आहे, की बादशहाने विष घातलं. मनुचीपासून लोक हेच सांगतात, पक्का पुरावा काही नाही. थकलेला, कर्जात बुडालेला, अपमान झालेला माणूस. विषाची गरज होती असं नाही.

गडीभाऊ, खांब मोजले का? बत्तीस आहेत म्हणतात. लहानपणी आम्ही सायकलवर जाऊन मोजायचो, दर वेळी वेगळाच आकडा यायचा, मग भांडणं.

---

भटका_गडी

एकतीसपर्यंत मोजले. मग शेळ्या उठल्या, त्यांच्या मागे राखणारा पोरगा आला आणि विचारलं, "फोटो काढणार का?" त्याचा काढला. बत्तीसावा राहिला.